गच्चीवरचा हायड्रोजन

आता काय सांगू तुम्हाला, मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर मी एकदा पाण्यातून हायड्रोजन काढला होता! हसू नका, चहा सांडेल.

ऐंशीचं दशक नुकतं लागलेलं, माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आमच्या कामत सरांनी बजावलं होतं, "शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येतायत. तू बनवलेल्या त्या पावडरीने उन्हात पाण्यातून हायड्रोजन काढलास, तर पीएच.डी.ची जागा तुझी." मला ती जागा हवीच होती हो!

मग काय! मोठ्या बाटलीत नळाचं ताजं पाणी, त्यात माझी पांढरी पावडर, वर बूच, बुचातून नळी, आणि वायू जमायला पाण्याने भरलेली खुणांची उलटी काचनळी. अकराला दोन मिलिलिटर. दुपारी एकला नऊ! मी गच्चीवरच नाचले.

संध्याकाळी बघते तर सातच! माझी मैत्रीण सुलू म्हणाली, "अगं, ऊन गेलं, म्हणून आकसला असेल. हा हायड्रोजनच आहे कशावरून?"

"तू गप गं! हलका वायू आहे, बुचातून पळतोय!" असं म्हणून मी बुचावर अख्खी मेणबत्ती वितळवून ओतली. केवढी हुशार मी!

शुक्रवारी दुपारी नळीत पुन्हा नऊ. म्हातारे परीक्षक म्हणाले, "पेटवून दाखवा." हायड्रोजनला पेटती काडी लावली की फट्‌ आवाज होतो ना! मी सगळ्यांना मागे सरकवलं. "सर, कान झाका!" सरांनी बिचाऱ्यांनी खरंच झाकले.

काडी धरली. काडी आपली निवांत जळतेय, निरांजनासारखी! शेवटी बोटाला चटका बसला, तेव्हा टाकली.

"बाई, पाण्यात हवा विरघळलेली असते," परीक्षक म्हणाले. "पाणी तापलं की ती बाहेर येते. तुम्ही हवा मोजलीत. बिनपावडरीची बाटली लावून पाहिलीत?"

सर माझ्याकडे असे बघतायत, की गच्चीवरून उडी मारावीशी वाटली.

परीक्षकांनी तिथल्या तिथे नुसत्या पाण्याची तशीच बाटली लावायला लावली. दोन तास आम्ही उन्हात घाम पुसत उभे. वायू किती निघाला असेल? अकरा!

"म्हणजे तुमची पावडर घातली," परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "की हवासुद्धा कमी निघते."

वाट लागली होती माझी. पण जीव त्या जागेत अडकलेला! मी चटकन विचारलं, "सर, मग ह्याच्यावर पीएच.डी. होईल का?"

ते काय म्हणाले, विचारू नका. भांडुपच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते मी.