टोमॅटोच्या रोगाचा लांबचा पाहुणा

शर्टाला इस्त्री करायची म्हणून मी पॅसेजमधला एक प्लग उपटला, आणि वहिनीचं चार दिवसांचं काम पाण्यात गेलं. तिचा जुना कॉम्प्युटर तिथे घरघरत गणित करत बसला होता. मला वाटलं, पंखा असेल.

वहिनी ओरडली नाही. "भाऊजी, शर्ट तरी नीट झाला का?" मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाली, "मधेमधे जतन करायला मीच सांगितलं नव्हतं त्याला." दुसऱ्याच्या हातून फुटलेल्या कपातही तिचा अर्धा वाटा असतो.

ती रोपांना होणाऱ्या रोगांची वंशावळ लावते. शेताशेतांतून विषाणूंचे नमुने येतात. कोण कुणाच्या जवळचा, ते कॉम्प्युटर झाडासारखं काढून दाखवतो. मूळ कुठे, ते मात्र सांगत नाही. घराण्याचा फोटो हाती यावा आणि त्यातले आजोबा कोण तेच कळू नये, तसं. म्हणून बाहेरचा एखादा नातलग विषाणू आणायचा. तो झाडाला जिथे जोडला जाईल, तिथे मूळ.

या वेळी मूळ निघालं होतं एका रोपवाटिकेत. टोमॅटोचा रोग तिथूनच पसरला असं ठरलं, की कृषी खात्याच्या मंगळवारच्या बैठकीत तिला टाळं. मालकीणबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. "माझी रोपं आजारी आहेत, कबूल! पण आधी कुणाची पडली, ते बघा ना!"

तेच वहिनी पुन्हा तपासत होती. आता तेवढं सगळं नव्याने करायला वेळ नव्हता. ती जुन्या झाडाकडे टक लावून बसली.

"बाहेरचा फारच लांबचा घेतला आम्ही," ती म्हणाली. "लग्नात लांबचा पाहुणा येतो, ओळखीचं कुणी नाही. कुठे बसेल?"

"जेवणाजवळ."

"ते तुम्ही! तो बसतो कोपऱ्यातल्या दुसऱ्या एकट्या माणसाशेजारी. म्हणून काय ते दोघे नातेवाईक?"

रोपवाटिकेत बारा महिने रोपं असतात. तिथला विषाणू भराभर बदलत जाऊन झाडाच्या लांबलचक फांदीवर एकटाच बसला होता. पाहुणा नेमका त्यालाच चिकटला, आणि मूळ तिथे असल्याचं दिसलं.

वहिनीने एका सहकाऱ्याकडून जवळचा नातलग मागवला, नमुने निम्मे केले आणि गणित पुन्हा लावलं. रविवारी मूळ सरकलं ते पार नदीपलीकडच्या शेतात! तेवढ्यावर तिचं समाधान नाही. पाहुण्याला बाजूला बसवून तिने कोणता नमुना कधी घेतला, नुसत्या त्या तारखांवरून मूळ काढून पाहिलं. तेही तिथेच.

मंगळवारी टाळं टळलं. पलीकडच्या शेतांतून आणखी नमुने आणायचं ठरलं. फोनवर मालकीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"वा वहिनी! म्हणजे रोगाचं मूळ सापडलं तर!"

"छे! आधीचं चुकलं होतं, एवढंच सापडलं."