तीन खुर्च्या मोझरीत, एक पातुरात

मोझरीच्या फाट्यावरून नागपूरकडे निघालं का डाव्या हाताले टिनाचं एक लांबलचक शेड लागते. त्याच्यात जुने पलंग, आरसे, दवाखान्याच्या खाटा, शाळेचे बाक, अन् या साऱ्याच्या मधात सहदेव. शिक्षण आठवी. पण लाकडावर नुसतं नख ओढून सांगते, का हे सागवान मेळघाटचं हाय का बैतूलकडचं. खरं का खोटं हे तपासणारा मानूस अमरावती जिल्ह्यात अजून जन्माले नाही आला, म्हणून सहदेवचंच खरं.

बाप लवकर गेला. लहान्या बहिणीचं, वच्छलेचं लगन सहदेवनंच लावून देल्लं. असं लगन का पातूरचे वऱ्हाडी तीन दिवस ढेकर देत होते. आंदणात काय काय देल्लं, थे मांडवात माईकवरून वाचून दाखवलं, अन् वाचणाऱ्याचा आवाज बारीक वाटला म्हणून सहदेवनं माईक घेऊन सारं पुन्हा सोता वाचलं. शेवटी मोठ्यानं सांगितलं, "अन् एक इलायती खुर्ची!"

थे खुर्ची खरंच इलायती होती. धामणगाव रेल्वेच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या बंगल्यातलं सामान सहदेवनं त्याच साली उचललं होतं. पह्यले तठी मशिनी बसवाले आलेला एक गोरा सायेब राहे. त्याच्या चार खुर्च्या होत्या. एक वच्छलेले देल्ली, तीन दुकानात ठेवल्या. एकच काऊन, असं बायकोनं, पार्बतानं, तवाच इचारलं होतं.

"खुर्ची घरधन्याची असते," सहदेव म्हणला. "घरधनी एका घरात किती असतेत? एक. मंग खुर्च्या चार कायले?"

पार्बतानं उरलेल्या तीन खुर्च्या मोजल्या अन् आत गेली.

तीन खुर्च्या शेडात मांगं पडून राह्यल्या. त्याच्या बैठकीची सुतळीवानी इणलेली दोरी काढून पिवळी नायलॉनची पट्टी मारू, असं सहदेव दरवर्षी दिवाईले म्हणे. झालं नाही. आळस कधी कधी मानसाच्या अकलेपेक्षा जास्त कामाले येते.

मांगच्या महिन्यात पुण्याची एक बाई आली. प्राजक्ता नाव. लोकांचे बंगले आतून सजवून देते. पलंगाकडे पाह्यलं नाही, आरशाकडे पाह्यलं नाही. थेट मांगं गेली, खुर्ची उचलली अन् उलटी केली.

"बाई, खुर्ची वरून बसाची असते," सहदेव म्हणला.

ती खालून हात फिरवून राह्यली, जसं वैदानं नाडी पाहावं. मंग उठली तं डोये चमकत होते. "काका, या डॅनिश आहेत. साठ वर्षांपूर्वीच्या तरी असतील. तुम्हाला माहितीये काय आहे हे?"

सहदेवनं एक क्षणबी गमावला नाही. "मालूम हाय म्हणून तं मांगं ठेवल्या. समोर ठेवल्या असत्या तं कोनीबी घेऊन गेला असता."

"आणि दोरीसुद्धा मूळची! तुम्ही बदलली नाहीत!"

"आमी कशाले बदलू? मूळ थे मूळ."

मंग त्यानं अंदाज घेत इचारलं, "डेन्मार्क म्हंजे थे जर्मनीच्या वरतंच ना?"

"हो! बरोबर!"

त्या दिवसापासून सहदेवले भूगोलातही गती हाय, हे साऱ्या मोझरीले समजलं.

बाईनं भाव सांगितला तवा सहदेवले जोराचा ठसका लागला. तेवढ्या पैशात टिनाचं शेड जाऊन काचेचं पक्कं दुकान उभं राह्यलं असतं, वर लाईटवाली पाटी. वीस वर्षांपासून थे दुकान त्याच्या डोक्यात बांधून तयार होतं, फक्त जमिनीवर उतराचं बाकी होतं. पण बाईची एक अट होती. जेवणाच्या टेबलाले चार लागतेत. तीनचा तिले उपयोग नाही.

"चौथी हाय," सहदेव म्हणला. "रविवारी या."

बाई गेली अन् पार्बता मांगून आली. "चौथी पातुरात हाय."

"मालूम हाय मले."

"आंदणात देल्लेली वस्तू परत मांगाले जाता? लोक शेण घालतीन तोंडात."

"मांगते कोन? बदलून आणतो."

त्यानं अमरावतीहून एक नवीकोरी फिरती खुर्ची घेतली, चाकंवाली, बँकेच्या सायबाले असते तशी. छोट्या हत्ती टेम्पोत टाकली, वरतून संत्र्याची पेटी, अन् गेला पातुरले. वच्छलेच्या नवऱ्यासंग कराचं बोलणं रस्ताभर जमवत गेला. नत्थुजी, तुमच्यासारख्या मानसाले हे जुनी खुर्ची शोभत नाही. हे घ्या नवी. जुनी मी नेतो, उगाच अडगळ. असं, सहज.

पण वच्छलेच्या दारात वाशीमकडची एक जीप उभी. भाचीले, आकांक्षाले, पाहाले पाहुणे आले होते. आत सतरंजीवर पाच-सहा जण, अन् खुर्चीवर मुलाचा बाप. तीच खुर्ची. बैठकीवर लाल रेग्झिन ठोकलेलं, पायांले चॉकलेटी ऑइलपेंट. लाकूड तं आतमधी तेच हाय, असं सहदेवनं मनाले समजावलं.

"या या, सहदेवभाऊ!" जवाई, नत्थुजी, उठले. "पाहुणे, हे पोरीचे मामा. फर्निचरचे मोठे यापारी. आमच्या लग्नात यायनं खुर्ची देल्ली होती. माईकवरून!" मंग एक बोट वर केलं. "एक!"

सारे हासले. नत्थुजी हे बावीस वर्षांपासून सांगून राह्यले होते, पण सहदेवच्या तोंडावर, अन् पाहुण्यात, पह्यल्यांदाच. वच्छला सैपाकघराच्या दारात पदर तोंडाले लावून उभी राह्यली.

मुलाच्या बापानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मजबूत हाय बुवा. पण अशा चार असतेत ना? बाकीच्या तीन मामानं कोणाले देल्ल्या?"

पुन्हा हासू. एक बुढा सतरंजीवरून म्हणला, "मामानं आमच्यासाठी जमीन ठेवली, हे काय कमी हाय?"

आता इथं दुसरा कोनी असता तं त्यानं चहा पेला असता अन् गप बसला असता. सहदेव दुसरा कोनी नाही. त्यानं पेटी खाली ठेवली.

"तीन राखून ठेवल्या हायेत," तो म्हणला. "बावीस वर्षांपासून. गिऱ्हाईक येतेत, पाय धरतेत, पुण्याहून बाया येतेत. मी म्हणतो, हात नका लावू. डेन्मार्कचा माल हाय. आमच्या आकांक्षाच्या लग्नात मामाचं आंदण हाय थे. अन् हे चौथी, जोडीले. पुरा सेट!"

वच्छलेच्या डोयात पाणी आलं. "दादा, कधी बोलला नाही व मायबाई..." नत्थुजींचं वर केलेलं बोट कवाच खाली गेलं होतं.

"अन् भाईर गाडीत काय हाय?" त्यायनं बारक्या आवाजात इचारलं.

"थे? थे तुमच्यासाठी. फिरती."

सहदेव रिकामा हत्ती घेऊन परत आला. अकोल्याच्या पुढं येईपर्यंत छाती फुगलेली होती. मूर्तिजापूर आलं तवा काचेचं दुकान आठवलं.

रविवारी प्राजक्ताबाई आली. सहदेवनं सांगितलं, "इकाच्या नाहीत. भाचीच्या लग्नात जाणार हायेत."

"काका, मी भाव वाढवते."

"बाई, मामाचा शब्द हाय."

तिनं आणखी वाढवला. सहदेवनं छताकडे पाह्यलं. तिनं तीनही खुर्च्यांचे फोटो काढले, पार्बताच्या फोनमधी आपला नंबर टाकून देल्ला अन् गाडीत बसली. जाता जाता म्हणली, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

"हे मलेबी वाटते," सहदेव म्हणला.

गाडी गेली नसंल तोच वच्छलेचा फोन आला. पार्बतानं उचलला, आयकला, हूं हूं केलं अन् ठेवला.

"पसंती आली. वैशाखात लगन."

"पाह्य! खुर्च्यायचा परताप!"

"हो. पाहुणे म्हणतेत, मामा एवढा मोठ्या मनाचा हाय तं जुन्या खुर्च्या नका देऊ म्हणा. घर नवं हाय. सोफासेट द्या."

सहदेवनं मांगच्या खुर्च्यायकडे पाह्यलं. रस्त्यावरून ट्रक गेले, टिन वाजलं.

"मंग लावू त्या बाईले फोन?" पार्बतानं इचारलं. "खुर्च्या मोकळ्याच झाल्या. नत्थुजी चौथीबी देतीन, त्यायले फिरती भेटली हाय."

"नको."

"काऊन?"

"गेली असंल लांब. नांदगाव पेठच्याबी पुढं."

"फोन पुण्यापर्यंत लागते."

"मी तिले नाही म्हणून सांगितलं हाय," सहदेव म्हणला. "वच्छलेले सांग, सोफा देतो. अन् खुर्च्याबी देतो. ठेवतीन कोठीतरी."

पार्बतानं फोन कंबरेले खोसला. सहदेवनं एक जुनं धोतर फाडून फडकं केलं अन् पह्यली खुर्ची उलटी करून पुसाले घेतली, खालच्या बाजूनं.