जिनोआत राहिलेला धाकटा

नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी इटलीत, जिनोआला जायचं होतं. ते कळल्यापासून न्यूझीलंडमधल्या, अप्पर हटच्या आमच्या घरात सासऱ्यांना दुसरा विषयच सुचेना. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर इंजिनियर होते आणि दुरुस्तीसाठी जहाज थांबलं तेव्हा जिनोआत राहिले होते.

"राजवाडे कसले बघतोस! डोंगराच्या पोटातून एक लिफ्ट वर जाते, तिनं जा. सगळ्या गावाची छपरं दिसतात. बंदरासमोर कमानींखाली तळलेले मासे मिळतात, ते खा."

मासे! घरात अंड्याला हात न लावणारे हे गृहस्थ! मी हसले. लेक इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली, "आजोबा, स्वीट ॲज!" म्हणजे एकदम भारी.

मग ते हळूच म्हणाले, "आणि गावामागच्या दरीतली दफनभूमी बघ. संगमरवरी पुतळे आहेत, एका फेरीवाल्या बाईचासुद्धा. तिथे तुझा काका आहे."

काका समुद्रात गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं. या धाकट्या भावाला सासऱ्यांनीच जहाजावर लावून घेतलं होतं. जिनोआत तो शिडीवरून पडला आणि गेला. जहाज सुटायच्या घाईत त्याला तिथेच पुरलं.

"अग्नी नाही दिला गं मी त्याला. मातीत टाकून आलो," ते मला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी नवऱ्याचा कॉलिंग कार्डावरून फोन आला. "थडगं नाहीये. इथे काही वर्षांनी अस्थी बाहेर काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. बेवारशांच्या अस्थी एकत्र ठेवतात. तू बाबांना सांग, सापडलं, फुलं वाहिली."

"खोटं बोलायचं तर तूच बोल! मला नाही जमायचं," मी उखडले. सासरे समोरच बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत. फोन ठेवला आणि सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा आता कोसळतोय.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तो आता मातीत नाही?"

"नाही, बाबा."

ते उठून बाथरूममध्ये गेले. शॉवरचा आवाज आला. डोक्यावरून अंघोळ करून, केस निथळत बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते.

"सुतक फिटलं गं माझं," ते म्हणाले. "काहीतरी गोड कर."

मी शिऱ्याला रवा भाजायला घेतला, आणि मग मात्र मलाच रडू आवरेना.