ताईची लाल रेघ

ताईला सगळेच ताई म्हणत. मिशा पिकलेले टॅक्सीवाले म्हणत आणि तिच्याहून चांगला मोठा असलेला समोरचा टायरवालाही म्हणे. शाळेत असतानाच तिने वडिलांच्या हाताखाली पाना धरला होता. वडील गेल्यावर गॅरेजच्या शटरची किल्ली तिने कमरेला खोचली, ती आजतागायत. बाई तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने गाडीचे हाल केले असतील तर त्याला उभ्या उभ्या सोलून काढायची. पण तिने "झालं" म्हटलं की मागे वळून बघायचं काम नसे.

तिच्या कामाची एक खूण होती. चाकाचे नट ती शेवटी टॉर्क रेंचने आवळायची. हा पाना मोठा शहाणा. हवा तेवढा जोर लागला की 'टक्' करून सांगतो, आता पुरे. टक् ऐकली की ताई नटावरून थेट चाकावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. पुढे नट सैल पडून फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि लगेच कळतं. ते नेलपॉलिश तिच्या नखांना जन्मात लागलं नव्हतं. बाटलीचा ब्रश झिजून झाडूसारखा झालेला, त्यामुळे रेघ जाड यायची आणि शेवटी तिला शेपूट फुटायचं. दिसायला गबाळी, पण तिचा शब्द पक्का. टक् झाल्याशिवाय रेघ नाही.

तिचा एकच लाड होता, तो म्हणजे धाकटा भाऊ. तो एका कचेरीत नोकरीला. दिवसभर खुर्चीत बसणारा हा माणूस वर्षातून एकदा वेडा व्हायचा. हौशी मंडळी मिळून शर्यतीचा ट्रॅक एका दिवसासाठी घेत आणि आपापल्या गाड्या त्यावर जीव खाऊन पळवत. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. भावाकडे वडिलांच्या हातची एक जुनी छोटी गाडी होती. ती ट्रॅकसाठी तयार करायची ताईने आणि पळवायची त्याने. ताईला स्वतःला वेगाची धडकी भरायची, त्यामुळे ही वाटणी दोघांनाही मान्य होती. आदल्या दिवशी दोघं गाडीखाली शिरत. ब्रेकचे पॅड बघ, ब्रेक ऑइल बदल, बॅटरी आवळून बांध, सीटखालच्या बाटल्या आणि नाणी काढून टाक, नाहीतर वळणावर नेमकी पेडलखाली जातात. भांडत, हसत, काळ्या हातांनी चहा पीत दिवस जायचा. ताईचा वर्षातला तोच सण.

मग त्याचं लग्न झालं.

भावजय ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. शांत, नेटकी, हसतमुख. तिच्यात खोट काढावी म्हटलं तर सापडेना, आणि ताईचं खरं दुखणं हेच होतं. पहिल्याच वर्षी ती म्हणाली, "ताई, मलाही शिकवा ना." नाही कसं म्हणणार? ताईने शिकवलं. शिकवताना आत मनात म्हणत होती, कंटाळेल दोन दिवसांत. ही बया कंटाळली नाही. एकदा सांगितलेलं विसरायची नाही. ताई म्हणायची, "गाडी निघायच्या आधी सकाळी पुन्हा एकदा पाना लावायचा, रात्रीत काय होईल सांगता येत नाही." ती मान डोलवायची. ताईच्या तोंडचं वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसायचं.

पुढच्या वर्षी, ट्रॅकच्या आदल्या दुपारी, ताई एका बंद पडलेल्या टेम्पोमागे बाहेर गेली होती. संध्याकाळी परतली तर गाडी तयार! ब्रेक झालेले, बॅटरी बांधलेली, आणि चारही चाकांच्या नटांवर पांढऱ्या रेघा. व्हाइटनरच्या. बारीक, सरळ, पट्टी लावून काढल्यासारख्या.

"हिनेच केलं सगळं!" भाऊ म्हणाला. "मी नुसता टॉर्च धरून उभा होतो. तुला आराम, ताई."

आराम! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने ती "छान" म्हणाली. नवराबायको चहा करायला वर घरात गेली आणि ताई गाडीभोवती फिरत राहिली. तिला चूक हवी होती. एक तरी ढिला क्लँप, तेलाचा एक थेंब. गाडीखाली आडवी होऊन बघितलं, बॉनेट उघडून बघितलं. काही नाही. सगळं तिच्याच पद्धतीने, तिच्याच क्रमाने केलेलं. तिच्या जागी दुसरी बाई उभी करून ठेवावी तसं. वर त्या पांढऱ्या रेघा!

एवढं मात्र तिला सोसवेना. वडिलांच्या गाडीवर परकी खूण?

तिने पेट्रोलच्या फडक्याने पांढऱ्या रेघा पुसल्या. पण आपण न आवळलेल्या नटावर आपली रेघ कशी ओढायची? म्हणून तिने नटही सैल केले आणि मग पुन्हा आवळायला घेतले. आधी साध्या पान्याने, मग टॉर्क रेंचने. टक्, आणि लाल रेघ. तीन चाकं झाली. चौथं, मागचं उजवं, साध्या पान्याने जेमतेम बसवलं आणि दारात चपला वाजल्या.

नको तिथे पकडल्यासारखं ताईचं झालं. गाडी पुन्हा आवळत बसलेलं सापडणं म्हणजे आपल्या पोटातलं सगळं उघडं पडणं. तिने साधा पाना झटकन एप्रनच्या खिशात टाकला आणि ब्रश उचलून भराभर रेघा ओढल्या. जणू काय तेवढंच करत होती.

भावजय चहाचे कप घेऊन उभी. तिची नजर चाकांवरून फिरली.

"माझ्या रेघा..."

"व्हाइटनर टिकत नाही. चाक तापलं की उडतं," ताई म्हणाली. "आणि हे बघ, या गाडीवर माझी खूण असते. तिला कोणी हात लावायचा नाही."

"बरं, ताई." भावजयीने जमिनीवरचा टॉर्क रेंच उचलला. "द्या, हा मी पुसून ठेवते." तिने तो पुसला आणि पेटीत ठेवून पेटी डिकीत टाकली. ही वर गेली की चौथं चाक टॉर्क रेंचने आवळू, असं ताईने ठरवलं. पण भाऊ आला, हेल्मेट घालून गाडीत बसला, बायकोलाही शेजारी बसवलं, आणि दोघं आत काय ते खिदळायला लागली. ताईने कप खाली आपटला आणि ती वर निघून गेली. रागाच्या भरात ते चौथं चाक डोक्यातून साफ गेलं.

सकाळी तोच एप्रन अडकवून ती खाली आली तेव्हा दोघं तयार होती. ताईने सवयीने गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही चाकांवर लाल. लाल म्हणजे झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला भरवसा तिने त्या दिवशी स्वतःलाही दिला, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. लग्नाआधी ती पुढे बसायची.

ट्रॅकच्या फाटकापाशी तपासणी होती. तपासनीस जाड भिंगाचा चष्मा लावणारा, त्याला सगळे चष्माच म्हणत. पुढच्या गाडीवाल्याचा त्याने घाम काढला. नट स्वतः हाताने तपासले, बॅटरी हलवून बघितली. यांच्या गाडीपाशी आला, हेल्मेट बघितलं, ब्रेक दाबून बघितले, आणि चाकाकडे वाकून तसाच सरळ झाला.

"ताईची खूण आहे. हिला काय पाना लावायचा? जाऊ दे!"

दोघी उतरून कठड्यापाशी थांबल्या आणि भाऊ रांगेत जाऊन लागला. भावजय हात हलवत होती. भावानेही हात हलवला तो तिच्याकडे बघून. आपल्याकडे बघतही नाही मेला, असं म्हणत ताईने हात एप्रनच्या खिशात खुपसले आणि हाताला गार लोखंड लागलं.

साधा पाना. हा इथे कसा?

चौथं चाक! त्याची टक् झालीच नव्हती.

गाडी हलली होती. ताई धावत सुटली. ज्या बाईने बससाठी कधी पाय उचलला नाही ती कठड्याखालून वाकून आत शिरली आणि दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभी राहिली. ब्रेक करकचले. माणसं ओरडली.

"ताई, वेड लागलं का तुला?" भावाने डोकं बाहेर काढलं.

"उतर! मागचं उजवं चाक आवळलेलं नाही."

"अहो, खूण आहे की तुमची," चष्मा धापा टाकत आला.

हा क्षण सोपा नव्हता. सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या गाड्यांवर तिचीच रेघ. पण भाऊ त्या गाडीत होता.

"खूण खोटी आहे," ताई म्हणाली. "मी काढली. पाना न लावता. हिने नीट आवळलेलं होतं ते मी सैल केलं, कारण मला हिचं बघवलं नाही. झालं समाधान? डिकी उघडा!"

भावाने उतरून डिकी उघडली. ताईने टॉर्क रेंच काढला, मागच्या चाकापाशी बसली, पहिल्या नटाला लावून जोर दिला.

टक्.

नट तसूभर हलला नाही. दुसरा. टक्. सगळे घट्ट. आजूबाजूला हशा पिकला. चष्मा म्हणाला, "ताई, आता तुम्ही आराम करा बघू!"

ताई मात्र रेघांकडे बघत होती. रंग तिचाच, लाल. पण या रेघांना शेपूट नव्हतं. बारीक, सरळ, पट्टी लावल्यासारख्या.

तिने मान वर केली. भावजय जवळ येऊन उभी होती, गोरीमोरी झालेली.

"तू?"

"सकाळी पाना लावून बघितला, तुम्ही सांगता तसा," ती हळू म्हणाली. "नट फिरले. तुमच्या रेघा तुटल्या, मग पुसून पुन्हा काढल्या. तुमच्याच बाटलीने."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? वडिलांची गाडी. लोक तुमच्या खुणेवर गाड्या सोडतात. म्हटलं, कोणाला कळायचं काय काम?"

ताईला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "इतकं चांगलं वागतेस, मग मी जळायचं तरी कशावर?"

भावजय हसली नाही. ती खाली बसली आणि तिने ताईचा काळा हात धरला. मागून भाऊ विचारत होता, कोणी मला सांगेल का काय चाललंय? त्याला कोणीच सांगितलं नाही.

"व्हाइटनर आहे तुझ्याजवळ?" ताईने विचारलं.

"पर्समध्ये."

"काढ. या चाकावर तुझी खूण असू दे. आवळलंस तू."

"चाक तापलं की उडेल ना?"

"उडत नाही," ताई म्हणाली. "थापच मारली होती मी."

ताईने पेटीतल्या थिनरने फडकं ओलं करून लाल रंग पुसला. भावजयीने वाकून श्वास रोखला आणि एकेका नटावरून पांढरी रेघ ओढली. बारीक, सरळ, पट्टी लावल्यासारखी. ताई शेजारी उकिडवी बसून बघत होती. रेघ फार सुरेख आली होती, आणि तिच्या पोटात पुन्हा दुखलंच.