रेघ नसलेल्या पाट्या

माझ्या कॉम्प्युटरवर शेकड्यांनी फॉन्ट आहेत, पण रोजचं काम तिघांवरच चालतं. एक शाळेच्या पुस्तकातल्यासारखा, गोल वळणाचा. त्यात लांबलचक मजकूर शांतपणे वाचता येतो. दुसरा सारख्या जाडीचा, अर्जापासून दुकानाच्या पाटीपर्यंत कुठेही चालणारा. तिसरा अरुंद अंगाचा, औषधाच्या खोक्यावरही मावणारा. तिघांचा गुण एकच. वाचणाऱ्याचं लक्ष अक्षराकडे जात नाही, मजकुराकडे जातं.

हे शहाणपण आताचं. बिबवेवाडीतल्या एका दवाखान्याच्या पाट्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला नेमकं तेच नको होतं. नोकरी नवी होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, शाळा तालुक्याच्या गावातली. आपलंही काम चारचौघांत उठून दिसावं, असं फार वाटे. मी एक नवा, बारीक फॉन्ट निवडला. त्यात अक्षरांच्या डोक्यावरची रेघच नव्हती. आमचे साहेब म्हणाले, "वा, मराठी वाटतच नाही." मला ती शाबासकी वाटली.

काही महिन्यांनी आई साखर तपासायला गावाहून आली. सकाळी स्वारगेटवरून तिला घेतलं आणि त्याच दवाखान्यात सोडलं. "रक्त तपासणी असं लिहिलंय, त्या खोलीत जा," एवढं सांगून ऑफिसला गेलो. पाट्या मी केल्यात हे मुद्दाम सांगितलं नाही. तिनं आधी वाचाव्यात, मग सांगू, असा बेत होता.

आई वाचायला शिकली ती प्रौढांच्या वर्गात. मी तिसरीत होतो. माझा अभ्यास घेता यावा म्हणून ती जायची. तिथल्या बाईंनी आधी रेघ मारायला शिकवली, मग त्या रेघेला अक्षरं टांगायला. अजूनही ती रेघेवरून बोट नेत वाचते. रेघ तुटली की शब्द संपला. माझं आजचं सगळं त्या बोटामागून आलंय.

साडेबाराला परत आलो तर ती बाकावर तशीच बसलेली, उपाशीपोटी. समोर माझी पाटी.

"अगं, समोरच तर लिहिलंय."

"दिसतंय रे. पण लागेना. माझं वाचन गेलं बघ."

"मग कुणाला तरी विचारायचं ना."

"तू म्हणालास, लिहिलंय तिथं जा. म्हणून बसले वाचत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असू दे, चल."

पुढे कितीतरी दिवस कुठलीही पाटी बघितली की मला तो बाक आठवे. शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो आणि पाट्या बदलून देतो म्हणालो. ते म्हणाले, "आपलंच काम वाईट आहे हे सांगायला आपण स्वतः आलात? कौतुक आहे." पण बदलू दिल्या. या वेळी माझा तो दुसरा, साधा फॉन्ट वापरला, ठळक रेघेचा.

वर्षानं आई पुन्हा तपासणीला आली. या वेळी मी बरोबर थांबलो. नव्या पाटीसमोर ती उभी राहिली. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. तिनं मान वर केलीच नाही. शेजारच्या बाईंना म्हणाली, "ताई, रक्त तपासायचं कुठं हो? मला वाचता येत नाही."

मग मी सगळं सांगितलं. त्या पाट्या माझ्या होत्या, रेघ नसलेली अक्षरं मीच निवडली होती, तुझं वाचन कुठंही गेलेलं नाही.

तिनं मान वर करून नव्या पाटीकडे बघितलं.

"मग तेव्हाच सांगायचं की रे," ती म्हणाली. "तेव्हापासून मी पेपर उघडला नाही."