आमचे बावगारू आणि दोन घरांची मारामारी

आमच्या व्याह्यांना या जगातलं जे काही कळतं, ते सगळं एका मारामारीच्या व्हिडिओ गेममुळे कळतं, आणि जे त्या गेममध्ये नाही ते जगातही नसावं, अशी त्यांची मनोमन खात्री आहे. वय साठीच्या पुढे, कपाळाला गंध, अंगात पांढरा सदरा, आणि सारी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करण्यात गेलेली. पण शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी दुपारी चारनंतर गेलात, तर हा गृहस्थ टीव्हीपुढे मांडी घालून, दोन्ही हातांत रिमोट धरून कुणाला तरी बुकलत बसलेला दिसेल. मला ते 'बावगारू' म्हणतात. तेलुगूत व्याह्याला असं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिले दोन महिने ते मला बावळट ठरवताहेत असं समजून मी गप्प बसत होतो. मुलीचा बाप दुसरं काय करणार?

त्या गेमचं नाव मला अजून नीट घेता येत नाही, पण कूळ मात्र पाठ आहे, कारण व्याही ते येईल त्याला सांगतात. दोन कंपन्या. एकीची माणसं मूळची चित्रकथांच्या पुस्तकांतली, दुसरीची मूळची खेळांतली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही दोन घरं एकाच मैदानात आणून भिडवावीत. व्याह्यांनी त्या खेळाचं नाणं टाकून चालवायचं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानात. बायकोनं मेथी आणायला पाठवलं होतं. दोन मुलांचा बाप शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहिला आणि अंधार पडल्यावर घरी परतला, तेव्हा मेथी पार मान टाकून पडली होती. पुढच्या भागात दोन-दोन जणांच्या जोड्या आल्या, मग तिघा-तिघांच्या. मग हे घर विरुद्ध ते घर ही अटच गेली, दोन्ही घरची माणसं एकाच बाजूनं लढायला लागली. त्या दिवशी व्याह्यांनी कारखान्यात पेढे वाटले म्हणतात. एका भागात चित्रं गुळगुळीत झाली, तो त्यांना अजिबात पसंत नाही. "ताणा हाय, बाणा न्हाय," म्हणजे नुसते उभे धागे, आडवे नाहीतच, एवढं बोलून त्यांनी तो निकालात काढला. मध्ये कित्येक वर्षं नवा भाग आलाच नाही, कारण दोन कंपन्यांचं जमेना. तेवढी वर्षं व्याही सोयऱ्यांत फाटल्यासारखे हळहळत होते.

खेळातल्या एकाचंही खरं नाव ते घेत नाहीत. लांब हातवाल्याला ते जिन्यावरचे काका म्हणतात, उड्या मारणारीला धाकटी नणंद, आणि ज्याचा एक ठोसा बसला की समोरचा संपतो, त्याला मॅनेजरसाहेब. घरात एक कायदाही आहे: हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं एक मागणं पुरं करायचं. या कायद्यापायी त्यांनी एकदा मुलाकडून हरून तीस वर्षांची मिशी उतरवली होती आणि महिनाभर रुमालाआडून बोलत होते.

आता त्यांचा हा मुलगा नरेश आणि आमची मुक्ता एकाच शाळेत शिकवायचे. आम्ही मूळचे मंद्रूपकडचे शेतकरी, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे विणकर. आमची भाषा वेगळी, त्यांची वेगळी. तरी लग्न ठरलं. अडलं ते एका ताटाशी. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचं नवं नाव लिहायचं असतं, आणि व्याह्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कांनी, 'भाग्यलक्ष्मी' हे नाव ठरवून ठेवलं होतं. मुक्ता मला म्हणाली की नाव बदलायचं असेल तर लग्नच नको. तिच्या मागे तिची आई उभी होती. एरवी ही कशात फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "तुमी जाऊन सांगा. आजच सांगा." मी शर्ट घातला. आयुष्यभर सरकारी कचेरीत साहेबांपुढे मान हलवलेला माणूस मी. पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या एका वाक्यानं मोडेल, या विचारानं मी रस्ताभर ते वाक्य मनात फिरवत गेलो.

पोचलो तर व्याह्यांनी काही बोलू द्यायच्या आत माझ्या हातात दुसरा रिमोट दिला. मुलीच्या बापानं हरायचं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या डावात मी माझे तिघे एका कोपऱ्यात उभे करून ठेवले आणि निमूट मार खाल्ला. दुसऱ्यातही तेच. व्याह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बावगारू, तुमी मुद्दाम हरायलाव," ते म्हणाले. "ह्यो माजा अपमान हाय." तिसरा डाव नीट खेळला नाही तर चहा मिळणार नाही, असंही सांगितलं. घाबरून मी भाकरी थापावी तसा सगळ्या बटनांवर तळहात मारत सुटलो. माझा शेवटचा गडी, तोही अर्धमेला, हवेत उडाला, टीव्ही पांढराफट्ट झाला, आणि दिसायला लागलं तेव्हा मॅनेजरसाहेबांसकट व्याह्यांचे तिघेही आडवे होते.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. व्याह्यांनी रिमोट खाली ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. सोयरीक मोडली, असं मी मनात पक्कं धरलं. ते म्हणाले, "मागा."

भीतीनं मी चहाच मागणार होतो. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "मुक्ताचं नाव मुक्ताच राहू द्या," मी म्हणालो.

व्याही आक्कांकडे वळले. "आक्का, ह्या खेळात इतकी वर्षं ह्या घरचं मानूस त्या घरात जातंय. कुनाचं नाव बदललंय का? कुनाची चाल बदलली का? वरती ताकदीची पट्टी असती, तेवढी दोगांची सारखी करत्यात. आपून बी तेवढंच करायचं." आक्कांना पट्टीचं काही कळलं नाही, पण भाऊ हरलाय आणि कायदा घरचाच आहे, एवढं कळलं. त्या आत गेल्या आणि चहाबरोबर वाटीभर चिवडाही आला. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि चिवडा तिखट आहे असं सांगून मी वेळ निभावली. लग्नात नरेशनं तांदळात 'मुक्ता' लिहिलं. आक्का तिला चार-सहा महिने भाग्यलक्ष्मी म्हणत राहिल्या, आता मुक्ताम्मा म्हणतात, आणि पोरगी सुखात आहे.

परवाच्या रविवारी व्याह्यांकडे जेवण होतं. जुने सगळे भाग एकत्र करून नव्यानं निघालेत म्हणून ते लग्नघरासारखे लगबगीत होते. प्रत्येक खेळणाऱ्याचं नाव आधी टीव्हीवर लिहावं लागतं. माझं झालं, मग त्यांनी रिमोट माझ्या बायकोपुढे धरला. ती नको नको म्हणत होती, तरी पदर खोचून बसली. "ताई, नाव काय घालू?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं म्हणालो, "स्वाती घाला."

"शेवंता घाला," ती म्हणाली.

व्याह्यांनी एकेक अक्षर जुळवून नाव लिहिलं आणि विचारलं, "ही कोन वो?"

"मीच की," ती म्हणाली, आणि खेळायला लागली.

एकतीस वर्षांपूर्वी ते नाव मला जुनाट वाटलं होतं. स्वाती हे नाव मी स्वतः निवडलं, स्वतः तांदळात लिहिलं, आणि मोठी हौस केल्याच्या तोऱ्यात होतो. तिला मी विचारलं नव्हतं. अक्कलकोटचा तिचा भाऊ वारल्यापासून तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, हे मला त्या टीव्हीपुढे बसल्यावर लक्षात आलं, आणि फार वाईट वाटलं. ती लागोपाठ दोन डाव हरली, पण हसत होती.

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. मी धीर करून हळूच म्हणालो, "शेवंता."

तिनं बाहेर बघतच लगेच 'ओ' दिली.