अकराव्या पानावरची वाळवी

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात मी परीक्षक असतो, हे आमच्या घरात कोणी फारसं मनावर घेत नाही. बायको म्हणते, "दिवसभर मिलमध्ये नट-बोल्ट मोजता, सुट्टीत तिकिटांचे दात मोजता." खोटं नाही. रायपूरजवळ उरला गावातल्या एका रोलिंग मिलमध्ये मी स्टोअर सांभाळतो, राहतो बीरगावात, आणि खिडकीत रोज साचणाऱ्या काळ्या धुळीपासून माझे अल्बम वाचवणं हाच माझा खरा धंदा आहे. बाहेर मात्र मला थोडा मान आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात भिंग, आणि समोर घाबरलेले स्पर्धक. मान हा असा मिळतो म्हणून तो मला जास्तच आवडतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ताईला हा नाद मीच लावला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रायपूर शहरात पुरानी बस्तीत राहते. शाळेतून निवृत्त झाली आणि पहिल्याच महिन्यात तिनं घरातली कपाटं दोनदा आवरली. तिसऱ्यांदा आवरताना तिला आईचा पत्र्याचा डबा सापडला. डब्यात बाबांनी आईला लिहिलेली पत्रं, लिफाफ्यांसकट.

बाबा रेल्वेत होते. शाळेसाठी आम्ही आईबरोबर रायपूरच्या क्वार्टरमध्ये, आणि बाबा बदली होईल त्या लहान स्टेशनावर. दर आठवड्याला पत्र यायचं. बाकीचे लोक गार्डाच्या हाती फुकट चिठ्ठी धाडत. बाबांना ते पटत नसे. सरकारी गाडी सरकारी कामाला, आपल्या पत्राला आपलं तिकीट, असा त्यांचा हिशोब. त्या हट्टामुळे प्रत्येक लिफाफ्यावर त्या त्या गावच्या टपाल कचेरीचा शिक्का आला होता. भाटापारा, तिल्दा, डोंगरगड, आमगाव. एका माणसाची सगळी नोकरी गोल गोल शिक्क्यांत.

"बाबू, याचं काही होईल का रे प्रदर्शनात?" ताईनं विचारलं.

"होईल म्हणजे काय, मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य आता आठवलं की पाठीवरून पाल सरपटल्यासारखं होतं.

तीन महिने रविवारी दुपारी मी तिला शिकवायला जात होतो. प्रदर्शनात काचेमागच्या एका चौकटीत सोळा पानं. पहिल्या पानावर सांगायचं की पुढच्या पंधरांत काय आहे. लिफाफा कधीही डिंकानं चिकटवायचा नाही, कागदी कोपऱ्यांत अडकवायचा. खाली दोन ओळी, बस. "आणि जेवढं खरं आहे तेवढंच लिहायचं," मी गुरुजींच्या आवाजात सांगितलं. "परीक्षकाला खोटं लगेच कळतं." ताईनं आयुष्यभर पोरांना शिकवलेलं, पण माझं ऐकताना ती वही घेऊन बसायची आणि हे वाक्य तिनं वहीत लिहून खाली रेघ मारली.

अकराव्या पानाशी आम्ही अडलो. बाबा दोन वर्षं सालेकसाला होते, आणि डब्यात सालेकसाचं एकही पत्र नव्हतं.

"ती वाळवीनं खाल्ली," ताई म्हणाली. "आई नाही का सांगे."

"मग सालेकसा सोडून दे. पंधरा पानांचं सोळा करू. रिकामं पान दाखवत नाहीत, गुण जातात."

"बाबा दोन वर्षं राह्यले तिथं. त्याहिले कसं सोडू?" तिनं चष्मा पुसला. "मी लिहीन ना, सालेकसाची पत्रं वाळवीनं खाल्ली म्हणून. खरं तेच लिहायचं, तूच सांगतलं."

मी मान हलवली. वाळवी तिच्यासमोर बसून चहा पीत होती.

बाबांच्या सालेकसातल्या दुसऱ्या वर्षी मी चौथीत होतो. वर्गात तिकिटं जमवायची साथ आली होती. बाबांना ते कळलं आणि ते लिफाफ्यावर मुद्दाम वेगवेगळी तिकिटं लावू लागले, कधी पक्षी, कधी इंजिन, कधी कुठला तरी पूल. आई पत्र वाचायची आणि लिफाफ्यात परत घालून डब्यात ठेवायची. मी मनात वाटणी करून टाकली होती: पत्र आईचं, तिकीट माझं. बाबांची तिथून बदली झाली, आणि एका दुपारी आई शेजारी गेली असताना सालेकसाचा सगळा गठ्ठा मी बादलीत बुडवला. पत्रं आधी बाहेर काढायची असतात, एवढंही सुचलं नाही. किंवा सुचलं आणि कंटाळा आला. तासाभरात पाणी निळं झालं. तिकिटं सुटून वर तरंगली, ती मी वर्तमानपत्रावर नीट वाळत घातली. उरलेला लगदा अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेला. दोन महिन्यांनी आईनं डबा उघडला, तळाशी थोडी माती होती, आणि तिनंच वाळवीचा निकाल लावला. मी नुसता गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात लहानपणापासून चांगला आहे.

आई गेली, बाबा तिच्याही आधी गेले. तिकिटं अजून माझ्याकडे आहेत. सगळी नाहीत; बाकीची वर्गात अदलाबदलीत गेली, उरली अकरा. एकावर शिक्क्याचा उजवा तुकडा दिसतो: "लेकसा". "सा" लिफाफ्यावर राहिला आणि चुलीत गेला.

आता ताईला या प्रदर्शनातून काय हवं होतं ते सांगतो. रौप्य मिळालं की चौकट पुढच्या मोठ्या प्रदर्शनात जाते, आणि त्या वर्षी ते नागपूरला होतं. नागपूरला आमची आत्या. बाबांच्या भावंडांतली उरलेली एकटी, नव्वदीला टेकलेली. रायपूरपर्यंत येणं तिला शक्य नव्हतं आणि डोळे झपाट्यानं जात होते. डॉक्टरांनी वर्षभराची आशा दिली होती. "तिच्या डोयात उजेड आहे तोवर तिले दाखवायचं आहे," ताई म्हणायची. भिंतीवर, काचेमागे, लोक थांबून पाहताहेत, असं. आत्याला तिनं फोनवर कळवूनही टाकलं होतं.

प्रदर्शन रायपूरलाच, एका सभागृहात. आम्ही तीन परीक्षक. मुख्य परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर, भिंग दोरीनं गळ्यात बांधलेले. सुरू करण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "किसी का रिश्तेदार तो नहीं है भाई?" असेल तर त्या चौकटीच्या वेळी तो परीक्षक बाहेर जाऊन चहा पितो. एवढाच नियम. ताईचं आडनाव सासरचं, कोणाला कळणार नव्हतं. मी स्वतःला समजावलं की आत राहिलो तर तिच्या बाजूनं दोन शब्द तरी बोलीन. आणि गप्प बसलो.

तिच्या चौकटीशी मुख्य परीक्षक बराच वेळ थांबले. "सुंदर है," म्हणाले. "आदमी दिखता है इसमें." मग भिंग अकराव्या पानावर आलं. कोरा कागद, मधोमध ताईच्या वळणदार अक्षरात: सालेकसाची पत्रे वाळवीने खाल्ली.

"इसका क्या करें?" त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "मुझे तो अच्छा लग रहा है, सच कहूँ तो."

 वाटलं, मी बाजू घेतली तर हे म्हणतील, आपको कैसे पता? आणि एकदा बोलायला लागलो तर बादलीपर्यंत थांबणार नाही. मी म्हणालो, "खाली पन्ना है सर. नियम से नंबर जाएँगे. और दीमक वाली बात का कोई सबूत भी नहीं है."

सबूत घरी अल्बममध्ये होता.

चार गुण गेले. रौप्य दोन गुणांनी हुकलं. पुढच्या चौकटीकडे जाताना मुख्य परीक्षक म्हणाले, "आप सख्त हैं भाई." आणि खरं सांगायचं तर मला मिनिटभर बरं वाटलं. ते मिनिट मी अजून विसरलेलो नाही.

ताईला कांस्य मिळालं. तिनं प्रमाणपत्र पिशवीत घातलं. "अकराव्या पानावर कापले म्हणे. तू तं नियमानं बाहेर असशील, कोण होता रे तो?"

"तिघं मिळून ठरवतात, ताई."

"असू दे. त्याचा काय दोष. पान तर रिकामंच होतं."

नागपूरचं प्रदर्शन आमच्याविना झालं. त्यानंतर एका रविवारी ताई स्वतः बीरगावला आली. ऑटोतून उतरली तर हातात भलीमोठी पिशवी. आत वाळलेला कडुनिंब आणि डांबरगोळ्या. "तुझ्या अल्बमात ठेव," ती म्हणाली. "वाळवी एकदा घरात शिरली का पिढ्या सोडत नाही. माझं तं गेलं, तुझं तरी राहू दे."

बायको कौतुकानं म्हणाली, "पाहा, अशी बहीण असावी." मी डांबरगोळ्यांचा वास घेत उभा राहिलो. आठ दिवस तो वास कपाटातून येत होता आणि माझ्या डब्यातल्या भाजीलाही लागत होता, निदान मला तरी तसं वाटायचं. नवव्या दिवशी मी अल्बम घेतला, स्कूटर काढली आणि पुरानी बस्ती गाठली.

ताई तांदूळ निवडत होती. मी अल्बम तिच्यासमोर उघडला आणि सगळं सांगितलं, आधी बादली, मग परीक्षकांचं. तिनं ताट बाजूला सरकवलं, भिंग मागितलं आणि ते एक तिकीट कितीतरी वेळ पाहिलं.

"लेकसा," तिनं वाचलं.  गल्लीतून कोणी भाजीवाली ओरडत गेली.

"भिजवली ते ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पोट्टा होता तू. पोट्टे करतात. पण त्या दिवशी भिंग घेऊन उभा होता, तेव्हा काय होता?"

 मी गुळमुळीत म्हणालो, "ताई, मले भीती वाटली."

"हव," ती म्हणाली. "आत्याले मी काय सांगू, ते सांग फक्त." आणि तांदळाचं ताट परत ओढून घेतलं. अल्बम तिनं ठेवून घेतला. चहा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तीन महिने ती फोनवर फक्त बायकोशी बोलली. मग एक दिवस तिनं बोलावलं. टेबलावर नवं अकरावं पान होतं. मधोमध ते तिकीट, आणि त्याच्या डावीकडे तिनं पेन्सिलीनं शिक्क्याचं उरलेलं वर्तुळ काढलं होतं, आत फिकट "सा". खाली दोन ओळी: सालेकसाची पत्रे धाकट्या भावाने तिकिटांसाठी बादलीत भिजवली. वाळवीचा दोष नाही.

"ताई, जरा सौम्य कर ना. 'पत्रे नष्ट झाली' असं लिही."

"जेवढं खरं आहे तेवढंच लिहायचं," ती वहीकडे बोट दाखवून म्हणाली. "परीक्षकाले लगेच कळते म्हणे."

पुढच्या वर्षी तेच मुख्य परीक्षक होते. त्यांनी रिश्तेदार विचारलं आणि मी हात वर केला. बाहेर चहाच्या टेबलापाशी उभा होतो तेव्हा ते बाहेर आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपला कप भरून घेतला. ताईला रौप्य मिळालं. पण त्या वर्षीचं मोठं प्रदर्शन नागपूरला नव्हतं, पार दक्षिणेला होतं. आणि डॉक्टरांनी दिलेलं वर्ष संपलं होतं. आत्याचे डोळे गेले होते.

शेवटी ताईनं सोळा पानं काढून पिशवीत घातली आणि आम्ही दोघं गाडीनं नागपूरला गेलो. सालेकसा आलं तेव्हा ताई खिडकीकडे बघत होती, मी पायातल्या बुटांकडे. गाडी तिथे थांबली नाही.

आत्या पलंगावर बसली होती. ताई एकेक पान तिच्या हातात द्यायची आणि वाचून दाखवायची. आत्या काचेवरून नव्हे, सरळ लिफाफ्यावरून बोटं फिरवायची. प्रदर्शनात कोणी असा हात लावला असता तर मी धावत गेलो असतो. अकरावं पान ताईनं वाचलं, शब्द न गाळता.

"हा तोच का?" आत्यानं माझ्या दिशेनं हात लांबवला. मी पुढे झालो. तिनं माझा कान धरला, चौथीतल्या पोराचा धरावा तसा, पण ओढला नाही.

"काय लिहत होता रे माझा भाऊ सालेकसाहून?" तिनं विचारलं. "तू तं शेवटचा होता ते पाहणारा. काही आठवते?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पक्षी आठवला, इंजिन आठवलं, पुलाला किती कमानी होत्या तेही आठवलं.

"मी वाचलं नाही, आत्या," मी म्हणालो. "मी तिकिटं पाहत होतो."

तिनं कान सोडला. ताईनं बारावं पान तिच्या हातात दिलं.